मुलांना डोळे मिटायला सांगण्याआधी : नाशिकच्या क्लासचालकांना खुलं पत्र

नाशिकमधल्या सर्व क्लासचालक सरांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

गंगापूर रोडला लागून असलेल्या एका गल्लीत माझं औषधाचं दुकान आहे. यंदा त्याला एकवीस वर्षं होतील. तुमच्या क्लासची मुलं माझी रोजची गिऱ्हाइकं. दिंडोरी, चांदवड, कळवण, निफाडहून आलेली, कॉट बेसिसवर राहणारी, मेसच्या डब्यावर दिवस काढणारी. जूनमध्ये ती सर्दीची गोळी मागतात. डिसेंबर उजाडला की मागणं बदलतं. "काकू, झोप लागायला काही आहे का?" "काकू, टेस्टच्या दिवशी सकाळी उलटीच होते."

झोपेची गोळी मी त्यांना चिठ्ठीशिवाय देत नाही. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधं एच-वन यादीत येतात. ती दिली की वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. दुकानात शिरलं की समोरच्याच भिंतीवर माझे फॉर्म २० आणि २१ चे परवाने आणि फार्मसी कौन्सिलचं नोंदणीपत्र फ्रेम करून लावलेलं आहे. औषध निरीक्षक आले की त्यांची पहिली नजर त्या भिंतीकडे जाते.

ज्या मुलाच्या हातावर मी कागद बघितल्याशिवाय अर्धी गोळीसुद्धा ठेवू शकत नाही, त्याच मुलाच्या मनात संमोहनाच्या नावाने हात घालायला तुमच्या सभागृहात कोणीही येतं, आणि त्याच्याकडे कागद कुणी मागत नाही. एवढ्यासाठी हे पत्र.

माझा भाचा बारावीला माझ्याकडे होता. बहीण निफाड तालुक्यात दिलेली. द्राक्षबाग, थोडा कांदा, एकत्र कुटुंब. मुलगा हुशार, पण नीटच्या सराव परीक्षांना बसला की हातपाय गार पडायचे, धडधडायचं, पहिली वीस मिनिटं प्रश्न डोक्यात शिरायचेच नाहीत. पुढे जे झालं ते त्याची आणि बहिणीची परवानगी घेऊन लिहिते आहे. क्लासचं नाव घेत नाही, त्या माणसाचंही घेत नाही. तसे लोक एकापेक्षा जास्त आहेत आणि तसे क्लासही.

क्लासने एक शिबिर ठेवलं होतं. 'संमोहनातून स्मरणशक्ती आणि एकाग्रता'. पालकांनाही बोलावलं होतं, म्हणून मी गेले. अडीचशे-तीनशे मुलं, मंचावर सूट घातलेले गृहस्थ, नावाआधी डॉ. लावलेलं. त्यांनी मुलांना दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट गुंफायला लावली आणि म्हणाले, "मी पाच मोजतो. पाच झाले की हात सुटणार नाहीत, जितकं ओढाल तितके घट्ट होतील." बहुतेकांचे सुटले. वीस-पंचवीस मुलांचे खरंच सुटेनात. त्या मुलांना वर बोलावलं. त्यात माझा भाचा होता.

पुढे मी जे वाचलं, विचारलं, त्यातून मला कळलं की त्या हात गुंफण्यातच अर्धा कार्यक्रम असतो. सूचनेला मन किती चटकन प्रतिसाद देतं हे माणसागणिक वेगळं असतं. साधारण दहा-पंधरा टक्के लोक फार चटकन देतात, तेवढेच जवळजवळ देतच नाहीत, बाकीचे मधले. लहान वयात हा प्रतिसाद मोठ्यांपेक्षा जास्त असतो. ती दहा-पंधरा टक्के मुलं गर्दीतून वेचून काढण्याची ती चाळणी होती. त्यानंतर मंचावर जे दिसतं ते त्या माणसाचं सामर्थ्य वाटतं, पण असतो तो त्या मुलांचा स्वभाव. एका मुलीला दोन खुर्च्यांच्या मधे फळीसारखं आडवं ठेवलं, डोकं-खांदे एका खुर्चीवर, पाय दुसरीवर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाठीचे-पोटाचे स्नायू ताठ ठेवले तर धडधाकट माणूस संमोहनाशिवायही तसा काही वेळ राहू शकतो. पण त्या मुलीच्या मणक्याला आधी काही दुखणं आहे का, हे कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. त्याचं मला आज वाईट वाटतं.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर टेबलावर 'वैयक्तिक सिटिंग'ची नावनोंदणी चालू होती. सात सिटिंगचं पॅकेज, पैसे आधी. बहिणीने भरले. "ताई, क्लासनेच बोलावलेत म्हणजे चांगलेच असणार," ती म्हणाली. सर, हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिते आहे. आमचा विश्वास त्या माणसावर नव्हता, तो तुमच्यावर होता.

दुसऱ्या सिटिंगला पालकांनी बाहेर थांबायचं, असं सांगण्यात आलं. आत त्या गृहस्थांनी भाच्याला वय मागे-मागे न्यायला लावलं. दहा वर्षांचा, आठ, पाच. "ही भीती तुझ्या लहानपणी कुठेतरी बसली आहे. बघ, अंधार आहे. कुणीतरी तुला कोंडलंय. कोण आहे ते?" पोराने त्या अंधारात शोधलं आणि त्याला त्याचा काका सापडला. काकाने पाच वर्षांच्या मुलाला कांद्याच्या चाळीत कोंडून ठेवलं होतं, असं त्याला दिसलं. लाकडी फटींतून येणारं ऊन, कांद्याचा वास, बाहेरून घातलेली कडी, सगळं. घरी आला तो थरथरत. रात्री फोनवर आईला सांगितलं. दोन दिवसांत निफाडच्या घरात चुलीसुद्धा वेगळ्या झाल्या.

काका रडून सांगत होता, मी असं केलं नाही. त्याचं कुणी ऐकेना, कारण पोराला 'आठवलं' होतं. आठवड्याभराने म्हाताऱ्या आजीच्या लक्षात आलं : ती चाळ बांधली तेव्हा पोरगा सहावीत होता. तो पाच वर्षांचा असताना कांदा घराच्या पडवीतच पडायचा. बांधकामाच्या अनुदानाचे कागद निघाले, त्यावर साल होतं. कोंडायला चाळच नव्हती.

पोर खोटं बोललं नव्हतं, हे समजून घ्या. त्याने पाहिलं तेच सांगितलं. संमोहनात कल्पना अतिशय ठसठशीत होते, आणि जे ठसठशीत दिसतं ते मनाला खरं वाटतं. संमोहनाने स्मृती उजळते ही समजूत जुनी आहे, पण अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने १९८५ मध्येच अहवालात म्हटलं होतं की संमोहनाखाली निघालेल्या आठवणी साध्या आठवणींपेक्षा जास्त विश्वासार्ह नसतात, उलट त्यात चुका मिसळतात आणि माणसाची खात्री मात्र वाढते. म्हणून बालपणात नेणं, मागच्या जन्मात नेणं हा खेळ नव्हे. आणि 'संमोहनातून स्मरणशक्ती' या नावाने लागणाऱ्या बोर्डाचं काय करायचं, ते तुम्हीच ठरवा.

इतकं सोसूनही मी संमोहनाच्या विरोधात हे पत्र लिहीत नाही, कारण पुढे त्याच मुलाला संमोहनाचा उपयोग झालेलाही मी पाहिला.

संमोहन म्हणजे वशीकरण नव्हे, झोपही नव्हे. नाव मात्र झोपेवरून पडलं आहे. जेम्स ब्रेड नावाच्या स्कॉटिश सर्जनने १८४० च्या दशकात 'हिप्नोटिझम' हा शब्द रूढ केला, हिप्नॉस या ग्रीक निद्रादेवतेवरून. त्यालाच पुढे ते नाव अपुरं वाटू लागलं, पण तोवर ते चिकटलं होतं. प्रत्यक्षात ती एकवटलेल्या लक्षाची अवस्था असते. कीर्तनात रंगलेल्या माणसाला मांडीला मुंग्या आलेल्या कळत नाहीत, तशी काहीशी. माणूस ऐकत असतो, बहुतेकदा नंतर त्याला सगळं आठवतं, आणि त्याच्या मनाविरुद्धचं सांगितलं तर तो डोळे उघडून उठून बसू शकतो. त्या अवस्थेत दिलेली सूचना मन एरवीपेक्षा सहज धरतं, एवढाच त्याचा आधार.

आपल्या देशात याचा इतिहासही आहे. बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल नावाच्या सर्जनने १८४५ पासून संमोहनाच्याच आधीच्या पद्धतीने, जिला तेव्हा मेस्मेरिझम म्हणत, रुग्णांना गुंगवून मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. भुलीचं औषध अजून यायचं होतं. १८४६ मध्ये ईथर आलं, पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म, आणि ती पद्धत मागे पडली. आजच्या काळातलं सांगायचं तर मँचेस्टरला १९८४ मध्ये आतड्याच्या इरिटेबल बॉवेल या त्रासाच्या तीस रुग्णांवर संमोहनाची चाचणी झाली, आणि औषधांनी न हटलेला तो त्रास संमोहनाने बराच कमी झाला. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत, वर्षभर औषधं घेऊनही गुण आला नाही तर सुचवायच्या मानसोपचारांत आज संमोहनाचं नाव आहे. वेदना, दातांच्या डॉक्टरची भीती, सुईची भीती, चिंता यांत ते हाताशी घेतलं जातं. इतर उपचारांच्या जोडीने, त्यांच्या जागी नव्हे.

सिटिंगची ती एक खोली झाली, आता दुसऱ्या खोलीचं सांगते. भाच्याला आम्ही शेवटी एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंकडे नेलं. पहिल्या दिवशी त्यांनी संमोहनाचा 'स'ही काढला नाही. तासभर विचारत होत्या. झोप किती, चहा किती, मोबाइल कितीपर्यंत, कधी फिट आली होती का, घरात कुणाला मानसिक आजार, कानात आवाज वगैरे येतात का, जिवाचं काही करून घ्यावं असं कधी वाटलं का. हा शेवटचा प्रश्न त्यांनी आवाज न बदलता विचारला, आणि पोराने खाली बघत उत्तर दिलं, "चाळीच्या त्या आठवड्यात, एकदा." माझ्या पोटात गोळा आला. मावशी म्हणून एका घरात राहून मला ते ठाऊक नव्हतं. बाईंनी आधी फिजिशियनकडे पाठवून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घेतलं, कारण धडधड नेहमी मनाचीच असते असं नाही. कागदावर लिहून दिलं की काय करणार, किती भेटी लागू शकतात, फी दर भेटीला. मुलगा तेव्हा सतराचा, म्हणून बहिणीची सही घेतली. पण त्याचीही घेतली, आणि त्याला म्हणाल्या, "तुला नको वाटलं तर डोळे उघडायचे आणि नको म्हणायचं."

त्या मुलाला काय झालंय हे त्यांना आधी कळत होतं, मग त्यांनी संमोहन वापरलं. चौथ्या भेटीत. आई त्याच खोलीत कोपऱ्यात बसलेली. त्याला परीक्षा केंद्राच्या फाटकापासून बाकापर्यंत मनाने चालत नेलं, ओएमआर शीट हातात येते तिथे थांबवलं, श्वास संथ करायला लावला, अंगठा आणि तर्जनी जुळवून त्या शांतपणाची खूण बांधून दिली. वीस मिनिटं. मग एक ते पाच मोजून डोळे उघडायला लावले, पाणी दिलं, आणि काय काय आठवतंय ते विचारलं. सगळं आठवत होतं. रोज रात्री स्वतःचं स्वतः दहा मिनिटं करायचं, असं सांगितलं. पोराने विचारलं, "याने मार्क वाढतील का?" त्या म्हणाल्या, "अभ्यास केला असेल तर तो पेपरात उतरेल. न केलेला कुठून उतरणार?" चाळीचं दृश्य 'पुसून टाका' असं बहिणीने विनवलं, तेव्हा त्यांनी नकार दिला. पुसायला गेलं की आणखी काहीतरी रंगवलं जाईल, म्हणाल्या. त्यांनी फक्त पोराला समजावलं की स्पष्ट दिसणं हा पुरावा नसतो.

त्याला मेडिकल मिळालं नाही. पण पेपर त्याने पूर्ण सोडवला, आणि आता तो बी.एस्सी. ॲग्री करतो आहे. काकाशी बोलतो. आधीसारखं नाही, पण बोलतो.

या दोन खोल्यांतला फरक ओळखायचा कसा, हे मी त्या बाईंनाच विचारलं होतं. त्यांनी सांगितलेला प्रश्न मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते : संमोहन काढून घेतलं, तर हा माणूस कोण उरतो? दातांचा डॉक्टर दाढ काढताना संमोहन वापरत असेल, तर संमोहनाशिवायही तो दाढ काढू शकतो. प्रसूतितज्ज्ञ वापरत असेल तर ती बाळंतपण संमोहनाशिवायही करू शकते. जो आजार ज्याला संमोहनाशिवाय हाताळता येत नाही, तो त्याने संमोहनानेही हाताळू नये. आणि संमोहन काढल्यावर मागे काहीच उरत नसेल, फक्त सूट आणि माइक उरत असेल, तर तिथे मूल द्यायचं नाही.

हे बघायला फार कष्ट नाहीत. संमोहनतज्ज्ञांची अशी वेगळी वैधानिक परिषद आपल्या देशात नाही, म्हणून त्याची मूळ नोंदणी बघायची. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, एमडी किंवा डीपीएम वगैरे झालेला, त्याची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. त्यांचा सीआरआर, म्हणजे नोंदणी क्रमांक असतो, तो परिषदेच्या संकेतस्थळावर ताडून बघता येतो, मुदत संपली आहे का तेही कळतं. मानसशास्त्रात एम.ए. करून समुपदेशन करणारी माणसंही आपल्या शहरात मन लावून काम करतात, माझा त्यांच्याबद्दल आदर आहे. पण चांगला समुपदेशक आपली हद्द स्वतःहून सांगतो, आणि आजार वाटला की पुढे पाठवतो. दोन दिवसांच्या वर्कशॉपचं, सोनेरी शिक्का मारलेलं, परदेशी नावाच्या संस्थेचं प्रमाणपत्र यातल्या कशाच्याही जागी चालत नाही.

डॉ. या अक्षरांचंही विचारा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या नोव्हेंबर २००३ च्या आदेशात संमोहनाला उपचाराची एक रीत म्हणून मान्य केलं आहे, मात्र ती नोंदणीकृत व्यावसायिकाने किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीने वापरायची. त्याच आदेशात डॉक्टर ही उपाधी मान्यताप्राप्त वैद्यकपद्धतींच्या व्यावसायिकांनीच लावावी, असं आहे. पीएच.डी. असेल तर कशातली, कुठल्या विद्यापीठाची, हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

आणि काही बोलणी अशी आहेत की ती ऐकली की मी तरी तिथेच उठेन. शंभर टक्के गॅरंटी. एका सिटिंगमध्ये फरक. पालकांनी बाहेर थांबा. चालू गोळ्या बंद करा. या शेवटच्याचं मला फार भय वाटतं. फिटची गोळी अचानक बंद केल्यावर काय होतं, हे औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला माहीत असतं. ज्याला भास होतात, संशयाचा आजार आहे, त्याच्यावर तर मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय संमोहनाचा प्रयोग करूच नये.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्ही का बघायचं? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची गोपनीयता हा त्याचा हक्क केला आहे. तीनशे मुलांसमोर एखाद्याची भीती मंचावर काढून दाखवताना तो हक्क कुठे जातो? जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने क्लाससाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत मुलांच्या मानसिक आरोग्याचा आणि समुपदेशनाचा स्पष्ट उल्लेख आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत, क्लासही त्यात आले, पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे १०० पेक्षा कितीतरी जास्त मुलं आहेत. शिबिराच्या एका दिवसाचा खर्च अशा माणसाच्या पगारात घाला. तेही लगेच जमत नसेल तर वर्गाच्या दारावर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मोठ्या अक्षरात लावा. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही उचलतात.

माझं मागणं एवढंच आहे. यापुढे संमोहनाचा कुठलाही कार्यक्रम ठेवण्याआधी त्या व्यक्तीचा नोंदणी क्रमांक लेखी घ्या आणि तो पत्रकावर छापा. मंचावर मुलांना बोलावू नका. माहिती देणारं व्याख्यान ठेवायचं असेल तर जरूर ठेवा, मी स्वतः पहिल्या रांगेत येऊन बसेन. पण उपचार सभागृहात होत नाहीत. आणि नावनोंदणीचं टेबल तुमच्या आवारात मांडू देऊ नका, कारण ते तिथे मांडलं की पालकांना त्यावर तुमची सही दिसते.

गेल्या आठवड्यात एक मुलगा दुकानाच्या काचेवर लावायला पोस्टर घेऊन आला. पुन्हा एक शिबिर, पुन्हा संमोहन, पुन्हा स्मरणशक्ती, खाली तुमच्यापैकी एका क्लासचं नाव. मी त्याला म्हटलं, यात सरांचा नोंदणी क्रमांक दिसत नाही, तो विचारून ये, मग लावू. तो अजून आलेला नाही. पोस्टर गल्ल्याखालच्या कप्प्यात ठेवलं आहे. ज्या सरांच्या क्लासचं नाव त्यावर आहे त्यांनी हे वाचलं, तर दुकान सकाळी नऊ ते रात्री दहा उघडं असतं. क्रमांक घेऊन या, आपण दोघं मिळून तो ताडून बघू.

आपली,
गंगापूर रोडची एक औषधविक्रेती